भिंतीला कळी

(घरात एक साधी भिंत उभी करताना लेखकाच्या हातून एक चूक झाली. ती चूक कशी झाली आणि ती सुधारण्यासाठी घरची माणसे कशी एकत्र आली, याचे वर्णन लेखकाने या पाठात केले आहे.)

मुलांनो, तुमच्या कंपासपेटीत फुटपट्टी असेल. ती जरा बाहेर काढा आणि नीट पाहा. तिच्या एका कडेला सेंटिमीटरच्या खुणा आहेत. दुसऱ्या कडेला इंचांच्या खुणा आहेत. एकाच पट्टीवर ही दोन मापे शेजारी शेजारी राहतात. त्यांचे कधी भांडण होत नाही. पण त्यांच्याकडे लक्ष दिले नाही, तर ती माणसाला चांगलीच फसवतात. मला त्यांनी एकदा फसवले. खरे सांगायचे तर मापांनी मला फसवले नाही, मीच स्वतःला फसवले. तीच हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे.

आमचे गाव नामपूर. ते नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी वसले आहे. ही मोसम नदी पुढे मालेगावला जाते आणि गिरणेला मिळते. गावात कांद्याचा मोठा बाजार भरतो. हंगामात कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. आम्ही घरी उर्दू बोलतो. बाजारात अहिराणी कानांवर पडते आणि शाळेत मराठीचे पुस्तक हातात असते. अशा तीन भाषा ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो.

माझ्या अब्बांचे शिलाईचे छोटे दुकान होते. आमचे घरही छोटेच होते. पुढे एक मोठी खोली आणि मागे स्वयंपाकघर, एवढेच. त्या एका खोलीत आम्ही सहा माणसे राहत होतो. दादी, अब्बा, अम्मी, आपा, मी आणि माझा धाकटा भाऊ. दिवसा तेथे पाहुणे बसत. संध्याकाळी अब्बा काजे-बटणांचे काम घेऊन बसत. रात्री तेथेच सर्वांची अंथरुणे पडत.

आपा अभ्यासात हुशार होती. त्या वर्षी ती बारावीत जाणार होती. अभ्यासाला तिच्यासाठी जागाच नव्हती. पहाटे चार वाजता ती उठे. दिव्याभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळी, म्हणजे उजेड फक्त तिच्या वहीवर पडावा आणि झोपलेल्यांच्या डोळ्यांवर येऊ नये. तिने कधी तक्रार केली नाही. पण एका पहाटे अब्बांना जाग आली. त्यांनी तो कागद गुंडाळलेला दिवा पाहिला. ते काही बोलले नाहीत. सकाळी चहा पिताना ते अम्मीला म्हणाले, "या खोलीच्या दोन खोल्या करायला हव्यात."

विटांची भिंत घालायची, तर आधी पाया खणावा लागतो. शिवाय विटांची भिंत बरीच जागा खाते. आमच्याकडे मुळात जागाच कमी होती. मग अम्मीने तिच्या भावाला, म्हणजे आमच्या मामूंना निरोप पाठवला. मामू मालेगाव-नाशिकला छताची आणि आडभिंतींची कामे करत. ते आले, त्यांनी खोली पाहिली आणि म्हणाले, "वीट नको नि सिमेंट नको. जिप्समच्या बोर्डाची भिंत उभी करू. दोन दिवसांत काम होईल."

हा बोर्ड म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला हवे. जिप्सम हा एक मऊ दगड आहे. आपल्या देशात तो मुख्यतः राजस्थानात सापडतो. त्याची गंमत अशी, की तो दिसतो कोरडा, पण त्याच्या पोटात पाणी लपलेले असते. त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग पाणीच असतो! जिप्सम भट्टीत तापवला, की यातले बरेचसे पाणी वाफ होऊन निघून जाते आणि पांढरी पूड उरते. या पुडीला 'प्लास्टर ऑफ पॅरिस' म्हणतात, कारण पॅरिस शहराजवळ जिप्समच्या जुन्या खाणी होत्या. या पुडीत पाणी मिसळले, की ती पुन्हा दगडासारखी घट्ट होते. मोडलेल्या हाताला डॉक्टर जे प्लास्टर घालतात, ते याच पुडीचे. शाळेतला खडूही बहुधा हिचाच असतो. आणि ओल्या जिप्समचा थर दोन जाड कागदांच्या मध्ये घालून वाळवला, की तयार होतो जिप्सम बोर्ड. अशा बोर्डाचा पहिला नमुना अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट नावाच्या माणसाने तयार केला. 1894 साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. घराला आग लागली, तर या बोर्डातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि आग काही काळ अडून राहते. एका मऊ दगडाचे हे केवढे मोठे काम!

मामूंनी खोलीची मापे घेतली. खोलीची रुंदी चौदा फूट चार इंच भरली. दारासाठी अडीच फूट जागा सोडायची होती. उरली अकरा फूट दहा इंच. एवढी लांब भिंत हवी होती. उंची नऊ फुटांपेक्षा बोटभर जास्त होती. ती बोटभर फट खाली जमिनीजवळ मुद्दाम ठेवायची असते. नाहीतर फरशी धुताना बोर्ड पाणी पितो आणि फुगतो.

एक बोर्ड चार फूट रुंद आणि सहा फूट उंच असतो. त्याची जाडी साडेबारा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. मामूंनी वहीत हिशोब मांडला. रुंदीत चार फूट, चार फूट आणि उरलेले तीन फूट दहा इंच. उंचीत सहा फूट आणि तीन फूट. भिंतीच्या दोन्ही बाजूंना बोर्ड लावायचे. सगळे मिळून बरोबर नऊ बोर्ड लागत होते. अब्बांनी साठवलेल्या पैशांत बरोबर नऊ बोर्ड, पत्र्याच्या पट्ट्या आणि स्क्रू एवढेच बसत होते. दहाव्या बोर्डाला पैसे नव्हते. हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

सामान मालेगावहून आले. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. मी मामूंच्या हाताखाली कामाला लागलो. पहिल्या दिवशी आम्ही सांगाडा उभा केला. जमिनीवर एक पत्र्याची पट्टी, वर छताला एक पट्टी आणि मध्ये दर दोन फुटांवर एक उभी पट्टी. उभी पट्टी सरळ आहे की नाही, हे मामू ओळंबा सोडून पाहत. "आम्ही याला साहुल म्हणतो. शाळेत तू मराठीत काय म्हणतोस?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "ओळंबा." ते हसले. म्हणाले, "नावं दोन, पण दोरी सरळच लोंबते." काटकोन पाहायच्या अवजाराला आम्ही गुनिया म्हणतो, मराठी सुतार त्याला गुण्या म्हणतात. दरवाजा, जमीन, हिशोब, कारागीर हे शब्द तर फारसी-अरबीतून आले आणि मराठीतच राहिले. भाषांच्या मध्ये भिंती फार उंच नसतात, हे मला भिंत बांधताना कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड कापायला सुरुवात झाली. ती रीत मला फार आवडली. बोर्ड कापायला मोठी करवत लागत नाही. आधी टेपने माप घ्यायचे. दोन टोकांना पेन्सिलने खुणा करायच्या. खुणांवर लोखंडी पट्टी ठेवायची आणि पट्टीच्या कडेने कटर ओढायचा. कटर फक्त वरचा कागद आणि थोडासा जिप्सम कापतो. मग बोर्ड मागच्या बाजूला दाबायचा. 'कट्' असा आवाज होतो आणि बोर्ड त्या रेषेवर सरळ तुटतो. मागचा कागद तेवढा जोडलेला राहतो, तो घडीवरून कापायचा. शेवटी कड घासून साफ करायची. मामू दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत. पट्टी धरलेला हात कटरच्या वाटेत येता कामा नये. आणि घासताना तोंडाला रुमाल बांधायचा, कारण ही पांढरी धूळ छातीत जाणे चांगले नाही.

दुपारपर्यंत सहा बोर्ड लागले. भिंतीचे दोन मोठे भाग तयार झाले. आता राहिला शेवटचा भाग, तीन फूट दहा इंचांचा. मामूंनी तेथे तीन ठिकाणी माप घेतले. वर, मध्ये आणि खाली. "एकदा मोजलं तर पुरत नाही का?" मी विचारले. ते म्हणाले, "बेटा, जुनी भिंत म्हातारीसारखी असते. कुठे वाकलेली असते, कुठे फुगलेली. म्हणून तीन ठिकाणी मोजायचं आणि सगळ्यांत कमी असेल ते माप धरायचं. बोर्ड एक-दोन सूत कमी चालतो, जास्त चालत नाही." त्यांनी वहीत लिहिले, 3.10.

तेवढ्यात बाजारातून एक माणूस धावत आला. मामूंनी पूर्वी केलेले एका दुकानाचे छत एका बाजूने लोंबत होते. मामू उठले. जाताना मला म्हणाले, "तीन बोर्ड राहिलेत. माप वहीत आहे. खुणा करून ठेव. कापू नकोस. मी आलो की कापू."

मामू गेले. मी खुणा करायला बसलो. मग मला वाटले, खुणा काय कोणीही करील! मी सकाळपासून बोर्ड कापताना पाहत होतो. मामू येण्याआधी तिन्ही बोर्ड कापून ठेवले, तर ते किती खूश होतील! शिवाय मला माझ्या गणिताचा फार अभिमान होता. फूट आणि इंच ही जुनी मापे आहेत, असे मला वाटे. मी ठरवले, की आपण मिलिमीटरमध्ये अचूक माप काढायचे. एका फुटात 304.8 मिलिमीटर असतात, हे मला पाठ होते. मी कॅल्क्युलेटर घेतला. 3.10 गुणिले 304.8. उत्तर आले 944.88. म्हणजे 945 मिलिमीटर. मी टेप लावला, खुणा केल्या, पट्टी ठेवली आणि कटर ओढला. कट्! दुसरा बोर्ड. कट्! तिसरा बोर्ड. कट्! तिन्ही कडा अगदी सरळ आल्या. मी घाम पुसला आणि पहिला बोर्ड उचलून जागेवर धरून पाहिला.

बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये माझे डोके आत जाईल एवढी फट राहिली होती.

मुलांनो, माझी चूक तुमच्या लक्षात आली का? येथे क्षणभर थांबा आणि स्वतः शोधून पाहा.

मामूंनी लिहिलेले 3.10 म्हणजे तीन फूट दहा इंच. कारागीर असेच लिहितात. त्यातला टिंब फूट आणि इंच वेगळे ठेवण्यासाठी असतो. मी मात्र तो दशांश चिन्ह समजलो. दशांशात 3.10 म्हणजे 3.1, म्हणजे तीन फूट आणि वर जेमतेम सव्वा इंच! फुटाचे भाग दहा नसतात, बारा असतात. खरे माप होते सेहेचाळीस इंच, म्हणजे 1168 मिलिमीटर. मी कापले 945. फरक 223 मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ इंचांचा.

असे फसवे टिंब तुम्हीही रोज पाहता. घड्याळात साडेतीन वाजले, की आपण 3.30 लिहितो. पण ते दशांशातले 3.30 तास नसतात, साडेतीन तास असतात. क्रिकेटमध्ये 4.3 षटके झाली, असे म्हणतात. तेव्हा चार षटके आणि तीन चेंडू झालेले असतात, म्हणजे साडेचार षटके. आकडा तोच, पण त्याचा अर्थ ठिकाणाप्रमाणे बदलतो.

पण त्या दुपारी मला हे काहीच सुचत नव्हते. माझे हातपाय गार पडले. दहाव्या बोर्डाला पैसे नव्हते. माझ्या मनात काय काय आले, ते सांगायला मला आजही लाज वाटते. मला वाटले, मामूंना सांगावे, की तुम्हीच वहीत चुकीचे लिहिले. वहीत 3.10 आहे, मी त्याप्रमाणे कापले. मग वाटले, ते पान फाडूनच टाकावे. पान फाडले, तर कोण काय सिद्ध करणार? मी वही हातात घेतली.

तेवढ्यात आपा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने बोर्डाकडे पाहिले. फटीकडे पाहिले. माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले. तिला सगळे कळले असावे. ही खोली तिच्यासाठी होती. तिने रडायला हवे होते, निदान माझ्यावर रागवायला तरी हवे होते. पण तिने तांब्या खाली ठेवला आणि एवढेच म्हणाली, "मामू यायच्या आधी अब्बांना सांगून ये. मी कागदाच्या दिव्याखाली अजून एक वर्ष वाचू शकते. पण तू खोटं बोललास, तर मला या खोलीत बसवणार नाही."

मी वही जागेवर ठेवली आणि दुकानाकडे धावत गेलो.

अब्बा एक कुर्ता शिवत होते. मी सगळे सांगितले. पान फाडण्याचा विचार आला होता, तेही सांगितले. अब्बांनी मशीन थांबवले. थोडा वेळ ते गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत? फेकल्या तर नाहीस ना?"

"नाही. कोपऱ्यात उभ्या आहेत."

"किती रुंद आहेत?"

मी मनात हिशोब केला. बोर्ड 1220 मिलिमीटरचा. त्यातून 945 वजा केले. उरले 275. "सुमारे अकरा इंच," मी म्हणालो.

"आणि फट किती?"

"नऊ इंचांना थोडी कमी."

अब्बांनी हातातला कुर्ता माझ्यासमोर पसरला. बाजूला शिवलेल्या कापडाच्या लांबट तुकड्यावर त्यांनी बोट ठेवले. "ही काय आहे?"

"कळी."

"कापडाचा पन्हा कमी पडला, तर आम्ही कुर्ता टाकून देत नाही. कळी घालतो. कुर्त्याला कळी चालते, तर भिंतीला का चालू नये? चल, मामूला विचारू."

आम्ही घरी पोहोचलो, तेव्हा मामूही परत आले होते. ते कापलेल्या बोर्डांसमोर उभे होते. मी खाली मान घालून पुन्हा सगळे सांगितले. मामू रागावले, पण बोर्ड वाया गेले म्हणून नव्हे. ते म्हणाले, "चार फुटांचा बोर्ड तीन फूट दहा इंच करायचा होता. म्हणजे फक्त दोन इंचांची चिंधी निघायला हवी होती. तुझ्या हातात अकरा इंचांची पट्टी आली. एकदा नाही, तीनदा आली. तुझे हात चालत होते, तेव्हा तुझे डोळे कुठे होते? कॅल्क्युलेटरला काय ठाऊक, भिंत केवढी आहे? ते तुला ठाऊक हवं."

हे बोलणे मी कधीच विसरलो नाही. आकडेमोड करण्याआधी डोळ्यांनी अंदाज घ्यावा. उत्तर अंदाजाच्या जवळपास नसेल, तर थांबावे. गणितात हे शिकवतात, पण मला ते त्या दिवशी खरे कळले.

मग अब्बांनी कळीची कल्पना सांगितली. मामूंनी टेप काढला. "कळी चालेल," ते म्हणाले, "पण कापडाची शिवण हवेत राहते, बोर्डाचा जोड हवेत राहत नाही. जोडाच्या मागे आधार हवा. तेथे एक उभी पट्टी जास्तीची लावावी लागेल." पत्र्याची एक पट्टी मामूंकडे जुन्या कामातून उरलेली होती. ती त्यांनी लावून दिली. कापलेले बोर्ड आधी बसवले. मग फटीचे माप घेतले. या वेळी माप मामूंनी घेतले, मी घेतले आणि अब्बांनीही घेतले. तिघांचे माप जुळले, तेव्हाच मामूंनी कटर माझ्या हातात दिला. "आता तू काप," ते म्हणाले.

माझा हात थरथरत होता. पण पट्टी सरळ कापली गेली. आणि गंमत पाहा. दोन्ही बाजूंची फट भरायला नऊ-नऊ फूट, म्हणजे एकूण अठरा फूट लांबीची पट्टी हवी होती. आमच्याजवळ सहा-सहा फुटांच्या तीन पट्ट्या होत्या. त्याही बरोबर अठरा फूट! प्रत्येक पट्टीतून फक्त दोन इंचांची चिंधी निघाली. पहिल्यांदाच नीट कापले असते, तरी तेवढीच चिंधी निघाली असती. नऊ बोर्डांत भिंत पुरी झाली. जोडांवर कागदी पट्टी चिकटवून मामूंनी वरून लांबी भरली. संध्याकाळी अम्मीने सर्वांना शिरखुर्मा दिला, जणू काही ईदच होती.

रात्री अब्बा मला म्हणाले, "कापड बेतताना आम्ही शिवणीसाठी थोडं जास्त कापड ठेवतो. मराठीत त्याला माया म्हणतात. माया ठेवली, की चूक झाली तरी कपडा सुधारता येतो. बोर्डाला माया नसते, म्हणून तो कापताना माणसानं जास्त जपायचं. आणि माणसामाणसांत मात्र थोडी माया नेहमी ठेवायची." त्या दिवशी घरच्यांनी माझ्यासाठी केवढी माया ठेवली होती, ते मला तेव्हा कळले.

मापाची चूक फक्त माझ्यासारख्या मुलाच्याच हातून होते, असे समजू नका. अमेरिकेने 1998 साली 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' नावाचे यान मंगळाकडे पाठवले होते. एका गटाने काही आकडे पौंडांच्या मापात दिले आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले. कोणीही आकड्यांपुढचे एकक तपासले नाही. 1999 च्या सप्टेंबर महिन्यात ते यान मंगळाच्या फार जवळ गेले आणि कायमचे नाहीसे झाले. मोठमोठे शास्त्रज्ञही टिंबाला आणि एककाला फसतात. त्यांच्या यानाला कळी घालता आली नाही.

आपल्या देशात 1957 साली दशमान नाणी आली आणि 1958 पासून मीटर व किलोग्रॅम ही मापे वापरात येऊ लागली. तरीही आपले शेतकरी जमीन एकर आणि गुंठ्यांत सांगतात. सुतार आठ सुतांचा एक इंच धरतात. जुनी माणसे पंचवीस पैशांना चार आणे म्हणत. यात वाईट काही नाही. दोन्ही मापे येणारा माणूस दोन भाषा येणाऱ्या माणसासारखा असतो. फक्त आपण कोणती भाषा बोलत आहोत, याचे भान हवे. आकडा एकटा कधीच पुरे नसतो. त्याच्यापुढे फूट, इंच किंवा मिलिमीटर लिहिले, तरच तो खरे बोलतो.

आपा त्या खोलीत वर्षभर अभ्यास करत होती. बारावीला तिला चांगले गुण मिळाले. पुढे ती शिकत गेली आणि शिक्षिका झाली. आज ती मुलांना गणित शिकवते. उत्तरापुढे एकक लिहिले नाही, तर ती अर्धा गुण कापते. मुले विचारतात, "बाई, एवढ्याशा गोष्टीसाठी?" तेव्हा ती हसते आणि कोणाचे नाव न घेता एका भिंतीची गोष्ट सांगते.

ती भिंत आमच्या घरी अजून उभी आहे. दिवसा ती सपाट दिसते. पण रात्री दिवा लावला आणि बाजूने पाहिले, की जोडाची एक बारीक उभी रेघ दिसते. रंग देणारे विचारतात, "ही रेघ घासून काढू का?" अब्बा म्हणतात, "राहू द्या. ती कळी आहे."

शब्दार्थ

ओळंबा – भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्याचे दोरीचे अवजार, साहुल
गुण्या – काटकोन पाहण्याचे अवजार, गुनिया
सूत – इंचाचा आठवा भाग
कळी – कपडा रुंद करण्यासाठी जोडलेला लांबट तुकडा
पन्हा – कापडाची रुंदी
माया – (1) प्रेम, ममता (2) शिवणीसाठी सोडलेले जास्तीचे कापड
चिंधी – कापून उरलेला निरुपयोगी तुकडा
लांबी भरणे – भेगा व जोड बुजवण्यासाठी लगदा लावणे
एकक – मापाचे परिमाण (उदा. फूट, मीटर)

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपा पहाटे दिव्याभोवती कागद का गुंडाळत असे?
(आ) भिंतीसाठी एकूण किती बोर्ड लागणार होते?
(इ) मामूंनी शेवटच्या भागाचे माप तीन ठिकाणी का घेतले?

2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जिप्सम बोर्ड कापण्याची रीत तुमच्या शब्दांत सांगा.
(आ) लेखकाच्या हातून कोणती चूक झाली?
(इ) अब्बांनी चूक सुधारण्यासाठी कोणता मार्ग सुचवला?

3. कोण कोणास म्हणाले?
(अ) "नावं दोन, पण दोरी सरळच लोंबते."
(आ) "राहू द्या. ती कळी आहे."

4. 'माया' या शब्दाचे दोन्ही अर्थ स्पष्ट होतील अशी दोन वाक्ये तयार करा.

5. उपक्रम : तुमच्या वर्गातील फळ्याची लांबी आधी डोळ्यांनी अंदाजे सांगा. मग ती फूट-इंचांत व सेंटिमीटरमध्ये मोजा. मापे एककांसह वहीत लिहा.